सास्काचेवान नॉमिनेशन: 'अनुभव व्यवसायाशी जुळत नाही' हा शेरा कसा सुटला

कॅनडात कायम राहायला सास्काचेवान प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे प्रांताची शिफारस, मिळावी म्हणून अर्ज केला. पदनाम 'मेकॅनिकल इंजिनियर', म्हणून मी एनओसी (कॅनडाची व्यवसायांची यादी) कोड २१३०१ टाकला. मागच्या १० वर्षांत त्या व्यवसायाचा किमान १ वर्ष अनुभव हवा होता. माझा ६ वर्षांचा. तरी अर्ज परत आला.

आधी रिलिव्हिंग लेटर, मग पगाराच्या स्लिपा जोडून पाहिल्या. उपयोग शून्य. एजंट म्हणाला, एनओसीतली कामं जशीच्या तशी उतरवा. ते मात्र करू नका, नक्कल लगेच कळते. चार महिने नुसते वाया गेले.

चूक कोडातच होती. पदनाम बाजूला ठेवून महिनाभरात खरंच काय करतो ते लिहिलं: लाइनची मांडणी, सायकल टाइम, वेस्टेज कमी करणं. हे २१३२१ शी जुळतं, म्हणजे इंडस्ट्रियल आणि मॅन्युफॅक्चरिंग इंजिनियरशी.

मग साहेबांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं: पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार, माझ्याच शब्दांत कामं, खाली सही नि फोन. पुराव्याला फॉर्म १६ आणि पीएफ पासबुक. शेवटी नव्या कोडाने नवा अर्ज. नॉमिनेशन आलं, एक्स्प्रेस एंट्रीत (कॅनडाची गुणांवर चालणारी निवड) ६०० गुण वाढले.

आयईएल्टीएस या इंग्रजी परीक्षेच्या निकालाची २ वर्षांची मुदत तेवढी आधी तपासा. माझी जेमतेम उरली होती.