थकवा कामाचा की शरीराचा, हे आधी तपासा

नोकरी करणाऱ्या आईचा थकवा कामाच्या व्यापावर ढकलून मोकळे होण्याची सर्वांना, खुद्द तिलाही, सवय असते; मात्र पुरेशी झोप मिळूनही जिना चढताना धाप लागत असेल किंवा केस गळत असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन व थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजला जातो, आणि वेळेचे कितीही काटेकोर नियोजन केले तरी तो हटत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यास त्या चहा-कॉफीसोबत घेऊ नयेत, कारण त्यामुळे लोहाचे शोषण घटते.

तपासण्या ठीक असतील, तर झोपेकडे पाहावे. प्रौढांना किमान ७ तास झोप आवश्यक असते, आणि कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास साधारण ५ तास लागत असल्याने सायंकाळची कॉफी रात्रीपर्यंत रेंगाळते. मुले झोपल्यावर मोबाईल घेऊन स्वतःचा वेळ काढण्याचा मोह समजण्यासारखा आहे; पण तो वेळ झोपेतून कापण्याऐवजी एखादे काम, उदाहरणार्थ मुलाचे दप्तर भरणे, ते लक्षात ठेवण्याच्या जबाबदारीसह जोडीदाराकडे सोपवून मिळवावा.