मेकॅनिकलच्या प्राध्यापक भरतीचा अर्ज भरण्याआधी

जाहिराती निघायला लागल्या की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येतात, “मॅडम, जागा निघाल्यात, भरू का?” मी आधी विचारते, आत्ता शिकवतोस तिथलं विद्यापीठाचं अप्रूव्हल, म्हणजे शिक्षक म्हणून तुझ्या नेमणुकीला मान्यता, आहे का?

कारण मी स्वतः पोळले आहे. एका खासगी कॉलेजात तीन वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकवलं, लॅब लावली, प्रोजेक्ट पाहिले. पण या मान्यतेसाठी लागणारी विद्यापीठाची निवड समिती कधी बसलीच नाही. पुढे दुसरीकडे अर्ज केला तेव्हा छाननीत त्या तीन वर्षांपुढे लाल पेनाने ‘मान्यता नाही’ असं लिहिलेलं पाहिलं. अनुभव शून्य धरला.

असिस्टंट प्रोफेसरसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१९ च्या नियमांत बी.ई. आणि एम.ई. किंवा एम.टेक. लागतं, दोन्हींपैकी एकात प्रथम श्रेणी हवी. नेट-सेट या पात्रता परीक्षांची अट नाही. वेतन लेव्हल १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. त्यावरच्या असोसिएट प्रोफेसरच्या पदाला मात्र पीएचडी आणि आठ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली दोन वर्षं पीएचडीनंतरची. मान्यता नसलेली वर्षं तिथे फार महागात पडतात. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या जागा एमपीएससी भरते. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, पीएचडीशिवाय नियमित जागेचा विचारच करू नका.

बी.ई. प्रॉडक्शन किंवा ऑटोमोबाइलमध्ये असेल तर ‘संबंधित शाखा’ हे शब्द जाहिरातीत नीट वाचा, शंका असेल तर आस्थापना विभागाला लेखी विचारा. सीजीपीए असेल तर टक्केवारीचं रूपांतर स्वतः करू नका, आपल्या विद्यापीठाचंच पत्र जोडा. राखीव जागेसाठी जात वैधता आणि चालू मुदतीचं नॉन-क्रीमिलेअर आधीच काढून ठेवा. सध्या नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र मागायला उशीर करू नका. प्राचार्य रजेवर असले की सही अडकते.

डिप्लोमा किंवा आयटीआय केलेल्यांनी वर्कशॉप आणि लॅबमधल्या जागांकडेही लक्ष ठेवा. लेथवर हात बसलेला माणूस प्रत्येक विभागाला हवा असतो.

मुलाखतीत दहा मिनिटं फळ्यावर शिकवायला लावतात. मी ऑटो सायकलचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राचा, पी-व्ही (दाब-आकारमान) आलेख काढला होता. तज्ज्ञांनी विचारलं, “डिझेलला यातली कुठली रेषा बदलेल?” मी उष्णता आत येते ती उभी रेषा पुसून आडवी काढली. तिथे आकारमान नव्हे, दाब स्थिर असतो, एवढं सांगितलं. पाठ केलेल्या स्लाइड घेऊन जाऊ नका. आपला आवडता एकच विषय असा तयार करा की कोणत्याही कोपऱ्यातून विचारलं तरी खडू थांबू नये.

निवड झाली की ऑर्डरमध्ये ‘पूर्णवेळ’ आणि वेतनश्रेणी हे शब्द आहेत का बघा. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, असाल तर ते आधीच कळू दे. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसात जाऊन तुमच्या मान्यतेचा प्रस्ताव विद्यापीठाकडे गेला का ते विचारा, त्याचा जावक क्रमांक आणि तारीख वहीत लिहून घ्या.