ग्वाल्हेरचं ऊन आणि जाड ऑइल : या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात कुणालाही विचारा, "काका, आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, इंजिनात जाडच ऑइल टाका" हेच ऐकायला मिळतं. मीपण ऐकलं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये 5डब्ल्यू-30 ग्रेड असताना मेकॅनिकने त्याहून जाड 20डब्ल्यू-50 ओतलं, मी गप्प बसलो, आणि मग जानेवारीच्या धुक्यात पहाटे स्टार्ट केली की ऑइलची लाल लाइट लवकर विझायची नाही, वर टकटक वेगळी.

डब्ल्यू म्हणजे वेट नाही हो, विंटर! त्याच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा 100 डिग्रीला ऑइल किती जाड राहतं त्याचा. कूलिंग ठीक असेल तर गरम इंजिनातलं ऑइल बारा महिने साधारण शंभरच्या आसपासच असतं, त्यामुळे नुसत्या उन्हाला घाबरून ग्रेड बदलायचं काही कारण नाही. चालू इंजिनात क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) त्याला धरणाऱ्या बेरिंगला टेकत नाही, काही मायक्रॉनच्या ऑइलच्या थरावर तरंगतो. स्टार्ट करताना तो थर पुरता बनलेला नसतो, तेव्हा ऑइल झटकन पोचायला हवं, आणि जाड ऑइल नेमकं तिथेच उशीर करतं, शिवाय फिल्टरचा बायपास (ऑइल अडलं की फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडून न गाळलेलंच पुढे जातं ते वेगळं. प्रेशर जास्त दिसतंय म्हणजे ऑइल भरपूर पोचतंय असं समजू नका, वाट अडली तरी प्रेशर वाढतं.

उलटी चूकही होते. 15डब्ल्यू-40 वाल्या जुन्या डिझेलमध्ये मायलेजसाठी पातळ 0डब्ल्यू-20 टाकलं की झाशी रोडला फुल लोडमध्ये थर तुटू शकतो आणि शेल, म्हणजे बेरिंगची अर्धगोल पट्टी, घासू शकतं.

ठकठक लागल्यावर जाड ऑइल ओतून आवाज दाबणं तर सगळ्यात वाईट. मावसभावाने तेच केलं, शेवटी चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उघडलं तर शेलचा करडा थर उडून खालचं लालसर तांबं दिसत होतं, नख फिरवलं तर अडकत होतं. काढलेलं ऑइल फडक्यातून गाळून बघा. चमचमणारे कण चुंबकाला चिकटले नाहीत तर बेरिंगवर संशय घ्या.

आणि रोज घर ते बाडा (शहरातला बाजारचौक) एवढीच गाडी चालत असेल तर ऑइल मोजायच्या पट्टीवर लेव्हल वाढलेली बघून खूश होऊ नका, वास घ्या, पेट्रोल मिसळून ऑइल पातळ झालेलं असू शकतं, ते लवकर बदला.

चालू गाडीत लाल लाइट लागली तर बाजूला घेऊन लगेच बंद करा, "घर जवळच आहे" म्हणून हळूहळू नेऊ नका, टो करून न्या.