हात लावायच्या आधी: नव्या योगशिक्षकांसाठी

आसनं शिकवायची कशी ते तुम्ही टीटीसीत, म्हणजे योगशिक्षक प्रशिक्षणाच्या कोर्समध्ये, शिकून आलाच असाल, त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ॲडजस्टमेंटबद्दल, म्हणजे विद्यार्थ्याचा खांदा, पाठ, मांडी धरून आसन दुरुस्त करण्याबद्दल. बऱ्याच कोर्समध्ये हा विषय एका दुपारी उरकतात आणि बॅच हातात आली की पहिल्याच आठवड्यात तोच अडतो.

"हात लावू का?" हे विचारायचं, एवढं आता सगळ्यांना माहीत आहे. पण कधी विचारायचं, इथे घोळ होतो. विद्यार्थी पाय लांब करून बसून पश्चिमोत्तानासनात पुढे वाकलाय, तोंड खाली, श्वास अर्धा अडकलेला. तुम्ही मागे उभे, तळवा त्याच्या पाठीवर टेकलेला, आणि मग विचारता, "चालेल ना?" तो "हो"च म्हणणार. सरांना, मॅडमना भर वर्गात "नको" म्हणायची आपल्याकडे सवय कुणाला आहे? त्यात हात आधीच पाठीवर, म्हणजे निर्णय होऊनच गेलाय असं त्याला वाटतं. ही संमती नव्हे. पुन्हा सांगते, ही संमती नव्हे.

शिकत असताना मीही असंच "हो" म्हणाले होते. शिक्षक अनुभवी होते. त्यांनी पाठीवर भार टाकला आणि उजव्या बैठकीच्या हाडापाशी चमक निघाली. मांडीच्या मागचे स्नायू तिथेच कंडरेने हाडाला जोडलेले असतात. गुडघे ताठ असताना वरून दाबलं की सगळा ताण त्या जोडावर येतो, आणि कंडरा सावकाश भरून येते. कितीतरी महिने खुर्चीत बसलं की दुखायचं. त्याहून जास्त लागलं ते हे, की त्यांना जाऊन सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी सरळ दुसरी बॅच धरली. त्यांना आजही ठाऊक नसेल.

म्हणून विचारा ते वर्ग सुरू व्हायच्या आधी, समोर उभं राहून. आणि असं विचारा की नकार देताना जड जाणार नाही: "हाताने दाखवू, की नुसतं सांगू?" दोन्ही उत्तरं सारखीच. एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं नाही. पाळी असते, कंबर धरलेली असते, कधी नुसतंच नको वाटतं, आणि त्याचं कारण विचारायचं नसतं. शवासनात डोळे मिटून पडलेल्या माणसाला तर हात लावूच नये, या मतावरून मी हलणार नाही.

"आमच्या परंपरेत असंच असतं" हे उत्तर कुणी दिलं तर म्हैसूरची गोष्ट आठवा. तिथले अष्टांग योगाचे गुरू पट्टाभी जोइस (१९१५–२००९) यांनी ॲडजस्टमेंटच्या नावाखाली लैंगिक गैरवर्तन केल्याचं त्यांच्या अनेक शिष्यांनी पुढे येऊन सांगितलं. २०१९ मध्ये नातू शरत जोइस यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्या बायका इतकी वर्षं गप्प का राहिल्या असं विचारणाऱ्यांचा मला संताप येतो.

पण घाबरून जाऊ नका. स्पर्श वाईट नाही, आणि त्याच्यावाचून अडतही नाही. वीरभद्रासनात हात आडवे पसरलेले असताना कोपर खाली पडतंय? तुमचा तळवा कोपराच्या बोटभर वर धरा आणि म्हणा, "माझ्या हाताला कोपर लावा." हलतो तो विद्यार्थी, तुम्ही नाही. किती हलायचं तेही तोच ठरवतो. पश्चिमोत्तानासनात बुडाखाली घडी घातलेलं ब्लँकेट द्या, तळपायांना पट्टा अडकवा, कंबर आपोआप पुढे झुकते. अय्यंगार गुरुजींचा हात कडक म्हणून प्रसिद्ध, पण हे पट्टे, विटा, खुर्च्या, भिंतीवरचे दोर जगभरच्या वर्गांत पोचले तेही त्यांच्याचमुळे. नवख्याने त्यांचा हात नव्हे, ही साधनं उचलावीत. रील बघून कुणाच्या पाठीवर चढू नका. त्यापेक्षा एखाद्या जुन्या शिक्षिकेच्या वर्गात वर्षभर नुसत्या सतरंज्या घाला आणि ती कुणाला हात लावत नाही ते बघा.

साठीच्या पुढच्या बायकांना प्रवेश देतानाच हाडांच्या ठिसूळपणाबद्दल विचारा. अशा पाठीला पुढे वाकवून दाबलं तर मणक्याचं फ्रॅक्चर होऊ शकतं. इथे "हलकासा दाब" वगैरे काही नसतं.

आणि कधी कुणी "आई गं" म्हणालंच, तर झटक्यात हात काढू नका, तोल जातो. भार हळू कमी करा, आसन सोडायला लावा, कुठे दुखलं ते बोटाने दाखवायला सांगा. "ताणलं गेलं असेल, होईल बरं" हे डॉक्टरांनी म्हणावं, तुम्ही नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करा. पलीकडून "काही नाही हो मॅडम" असं आलं, तरी जिना चढताना, बसताना कसं वाटतंय ते विचारा.