पाय मुरगळला की मोडला? गडवाटेवरच्या या चुका टाळा

पावसाळ्यात शनिवार-रविवारी सह्याद्रीतल्या कोणत्याही गर्दीच्या गडावर जा, वाटेत कोणीतरी घोटा धरून बसलेलं दिसतं आणि भोवती सल्ले देणारे उभे असतात. पहिला सल्ला ठरलेला: "बोटं हलव बघू. हलतात ना? मग मोडलेलं नाही."

बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत, हे चूक आहे. बोटं वाकवणारे मोठे स्नायू पोटरीत आणि नडगीजवळ असतात. त्यांचे कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, घोट्यावरून खाली बोटांपर्यंत जातात. बाहेरच्या घोट्याचं हाड, म्हणजे फिबुला, तुटलं तरी हे स्नायू आपलं काम करत राहतात.

राजगडाच्या पाली दरवाजाच्या वाटेवर आमच्यापुढे उतरणारा कॉलेजचा एक मुलगा ओल्या दगडावरून घसरला. बोटं हलत होती, म्हणून मित्रांनी "लचकलाय" असं ठरवून टाकलं. त्यातल्या एकानं टाच धरून "बसवतो" म्हणत झटका दिला. मुलाची किंकाळी ऐकून आम्ही धावलो. बुटाची लेस सैल केली आणि बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड बोटानं दाबत खाली आलो. एका जागी बोट टेकताच त्यानं पाय ओढून घेतला. आधार देऊन उभं केलं तर एक पाऊलही टाकता येईना. कॅरीमॅट पायाभोवती गुंडाळून क्रेप बँडेजनं बांधली आणि आळीपाळीनं उचलून त्याला पाली गावात आणलं. परतीची गाडी चुकणार म्हणून त्याचे मित्र सगळी वाट कुरकुरत होते. एक्स-रेत फिबुला मोडलेली निघाली, ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागली. त्या झटक्यानं हाड किती सरकलं हे कोणी सांगू शकणार नाही. पण एक्स-रेआधी कोणाचाही पाय ओढू नये, हे मी तेव्हापासून प्रत्येक ट्रेकच्या सुरुवातीला सगळ्यांना बजावतो.

तिथे बोटानं केली ती तपासणी माझी नव्हे. कॅनडातल्या ऑटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये ती मांडली. घोटा दुखावलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे निघायचा आणि मोडलेलं हाड थोड्यांतच सापडायचं, म्हणून एक्स-रे नक्की कोणाला हवा हे ठरवण्यासाठी हे नियम झाले. घोट्याच्या दोन्ही बाजूंना, हाडाच्या खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये मागची कड आणि टोक दाबा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपासून मागे येताना मध्यावर लागणारा हाडाचा उंचवटा दाबा. शेवटी आतल्या घोट्याच्या पुढे, कमानीच्या वरच्या बाजूचं हाड. यांतल्या कुठल्याही हाडावर दाबल्यावर दुखलं, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही 4 पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचाच. लंगडत टाकलेली पावलंही धरतात. साध्या मुरगळण्यात दुखणं बहुधा घोट्याच्या पुढे-खाली, मऊ भागात असतं, कारण तिथलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी, ताणलेलं असतं.

"चालतोय ना, मग काही नाही." ही माझ्या सर्वात डोक्यात जाणारी चूक. पाय आत वळला की करंगळीमागच्या त्या उंचवट्यावर ताण येतो आणि हाडाचा तुकडा निघू शकतो. असा माणूस टाचेवर भार देत आरामात गड उतरतो, सोमवारी ऑफिसलाही जातो. चार पावलं चालण्याची अट हाडं दाबून पाहण्याच्या जोडीला आहे, त्याऐवजी नाही. नवे ट्रेकर चालून दाखवायची घाई करतात, कारण गटाला मागे ठेवल्याची त्यांना लाज वाटते. पुढाऱ्यानं त्यांना खाली बसवलं पाहिजे.

तेल लावून चोळणं. घरी पोचल्यावर हे हमखास होतं. मोडलेलं असेल तर चोळण्यानं हाड हलतं, लिगामेंट फाटलेलं असेल तर रक्तस्राव आणि सूज वाढते. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, चोळू मात्र नका. हाडवैद्याकडे बांबूच्या पट्ट्या करकचून बांधून घेणं त्याहून धोक्याचं. रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. कोणतीही पट्टी बांधल्यावर बोटाचं नख दाबून सोडा. गुलाबी रंग दोनेक सेकंदांत परतला नाही, किंवा बोटं गार आणि बधिर पडली, तर पट्टी लगेच सैल करा. तरीही फरक नसेल तर थेट दवाखाना गाठा.

बूट लगेच काढू नये, असं माझं मत. लेस सैल करून आत बोट घालून तपासतो. हाड दुखत नसेल आणि पावलं टाकता येत असतील तर लेस पुन्हा आवळून त्या माणसाला सावकाश गडाखाली आणतो, कारण सुजलेल्या पायात बूट परत चढत नाही.

सुजेवरून निदान करू नका. नुसत्या मुरगळलेल्या घोट्यालाही टेनिस बॉलएवढी सूज येते.

पहिले 48 तास शेक नको. बर्फ कापडात गुंडाळून, 15-20 मिनिटंच.

वेदनाशामक गोळी किंवा स्प्रे मारून शिखर गाठणं हा हट्ट आहे, आणि तो मी चालू देत नाही.

मधुमेहानं पायाची संवेदना कमी झालेल्यांना "दुखत नाही" या उत्तराचा उपयोग नाही. सूज असेल तर त्यांचा एक्स-रे काढा. लहान मुलांमध्ये हाडांची वाढती टोकं लिगामेंटपेक्षा कच्ची असतात, म्हणून त्यांचा पाय "फक्त मुरगळला" असं घरच्या घरी ठरवू नका.

गुडघ्याखाली, पायाच्या बाहेरच्या बाजूचं हाडही दाबून पाहा. घोटा पिळवटला की कधीकधी फिबुला तिथे वर मोडते, आणि नुसत्या घोट्याच्या एक्स-रेत ते दिसत नाही. तळपायाच्या मध्यावर काळंनिळं पडलं असेल तर तेही डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. पहिला एक्स-रे स्वच्छ येऊनही आठ-दहा दिवसांनी हाडावर तितकंच दुखत असेल तर पुन्हा जा. बारीक फट कधीकधी पहिल्या दिवशी दिसत नाही, हाड भरू लागलं की दिसते.