हरकत लिहायला बसण्याआधी

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960च्या कायद्याखालचे नियम केंद्र सरकारला परस्पर करता येत नाहीत. कलम 38 प्रमाणे आधी मसुदा छापावा लागतो आणि मुदतीत आलेल्या हरकती-सूचना विचारात घ्याव्या लागतात. व्हेटर्नरीच्या किंवा लॉच्या विद्यार्थ्याला कायद्यात शिरायला हे दार सगळ्यात सोपं. पण ते उघडं असतं तेव्हा फारसं कुणी फिरकत नाही. जनावरांच्या बाजाराच्या नियमांचा मसुदा जानेवारी 2017 मध्ये आला. गदारोळ झाला तो मे महिन्यात, अंतिम नियम निघाल्यावर.

केंद्राचे मसुदे असाधारण राजपत्राच्या भाग 2, खंड 3, उपखंड (i) मध्ये सापडतात. आठवड्यातून एकदा तिथे डोकावायची सवय लावा, वर्तमानपत्राच्या भरवशावर राहू नका. मुदत बहुधा 30 दिवसांची असते, आणि ती राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून मोजतात. बातमी दहाव्या दिवशी वाचली, तर तुमच्या हातात वीसच उरले. विधेयकाच्या मसुद्याला तर तेवढीही खात्री नाही. किमान 30 दिवस द्यावेत असं 2014चं केंद्राचं धोरण आहे, तरी याच कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा नोव्हेंबर 2022च्या उत्तरार्धात आला आणि सूचनांची शेवटची तारीख होती 7 डिसेंबर.

आता लिहिण्याचं. चार रकाने आखा: नियम क्रमांक, मसुद्यातले शब्द, त्याजागी सुचवलेले शब्द, कारण. तिसरा रकाना रिकामा ठेवलात तर पत्र वाया गेलं म्हणा. 'कोंबड्यांचे हाल थांबवा' या वाक्याचं मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने काय करायचं? 'पुरेशी जागा' हेही तसंच. तपासणीला गेलेला माणूस 'पुरेशी' टेपने मोजू शकत नाही.

लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांचंच बघा. विधी आयोगाने जुलै 2017 मध्ये 269वा अहवाल दिला, त्यात नियमांचा मसुदाही होता. 2019च्या सरकारी मसुद्यात दर कोंबडीमागे 550 चौरस सेंटिमीटर जागा आली. ए-फोर कागद जवळपास 624 चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे 550 हा आकडा कागदाहूनही लहान. 45 बाय 40 सेंटिमीटरचा पिंजरा घ्या: 1800 चौरस सेंटिमीटर. त्यात चार कोंबड्या कोंबल्या की प्रत्येकीला 450. नियम 550चा झाला की तिथे तीनच बसतात. पोल्ट्रीवाला विरोध का करतो ते या चौथ्या कोंबडीत आहे, म्हणून किती वर्षांत बदल करायचा हेही हरकतीत लिहा. नाहीतर समोरच्याचा पहिला आक्षेप तोच असतो. मोजताना टेप जाळीच्या आत धरा. अंडी घरंगळून जिथे थांबतात ती बाहेरची पन्हळ क्षेत्रफळात धरू नका. तिथे कोंबडी उभी राहू शकत नाही.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे नियमांच्या मसुद्यावर दंड वाढवायची मागणी. नियम मोडल्याची शिक्षा कलम 38(3) नेच बांधून टाकली आहे: 100 रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ती वाढवायची तर संसदेतच जावं लागतं. कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे, त्याचंही तेच. ही मागणी विधेयकाची वेळ येईल तेव्हासाठी राखून ठेवा.

एकच मजकूर शंभर जणांच्या नावाने पाठवला तर तो मुद्दा एकच राहतो. त्यापेक्षा डॉक्टरने पायांच्या जखमांवर, शेतकऱ्याने खर्चावर, वकिलाने शब्दांवर लिहावं. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने पाठवा, पोच जपून ठेवा.

अंतिम नियम आले की मसुद्याशी ओळ-ओळ ताडून बघा. तुमची सूचना गायब असेल तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात आलेल्या हरकतींची यादी आणि त्यावरचे शेरे मागा. कलम 38(अ) प्रमाणे नियम संसदेपुढे 30 दिवस ठेवावे लागतात, तेवढ्यात आपल्या खासदाराला तोच चार रकान्यांचा कागद देता येतो.