माझदा एमएक्स-5ला शॉर्ट शिफ्टर घरी बसवताना

फेब्रुवारी 1989मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन आसनी गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत ती मियाटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर आणि इथे इंग्लंडमध्ये एमएक्स-5 म्हणून ओळखली गेली. तोशिहिको हिराई यांच्या चमूने एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली होती: घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत. हे एकजीव होणं हाताला सर्वांत आधी जाणवतं ते गिअरच्या दांड्यात. तो मुळातच आखूड, मनगटाच्या हालचालीवर चालणारा आहे. म्हणून शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअर टाकताना हाताची हालचाल कमी करणारा बदली दांडा, मागवण्याआधी स्वतःला विचारा की दांडा खरंच लांब फिरतोय, की तीस वर्षांत सैल झालाय?

हे मी कळकळीने सांगतो आहे, कारण बहुतेक वेळा दोष बुशचा, म्हणजे दांड्याला घट्ट धरणाऱ्या छोट्या अस्तराचा असतो. दांड्याच्या खालच्या टोकावर नायलॉनची छोटी टोपी असते. ती झिजली की दांडा ढवळल्यासारखा हलतो आणि गिअर कुठे पडला ते हाताला कळत नाही. अशा झिजलेल्या बुशवर महागडा शिफ्टर बसवला तरी ढिलाई तशीच राहते. त्यामुळे नवीन टोपी, वरचं बुश आणि दोन्ही रबरी बूट (दांड्याभोवतीची आवरणं) शिफ्टरबरोबरच मागवा. शिफ्टरच्या मानाने हे सामान स्वस्त आहे, आणि निम्म्याहून जास्त फरक त्यानेच पडतो.

खाली सांगितलेलं काम 1989 ते 1997च्या पहिल्या पिढीच्या, पाच गिअरच्या गाडीचं आहे. नंतरच्या पिढीत सहा गिअरची गाडीही आली. तिचा शिफ्टर वेगळा असतो, म्हणून मागवताना गाडीचं वर्ष सांगून भागत नाही, गिअरबॉक्स कुठला ते सांगावं लागतं. भारतात स्विफ्टसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत केबल जाते, तिथे ही कृती लागू नाही. जिप्सीत किंवा जुन्या जीपमध्ये दांडा थेट गिअरबॉक्सवर उभा असतो, एमएक्स-5मध्येही तसाच. म्हणूनच गाडी जॅकवर न चढवता सगळं काम आत बसून होतं.

आखूड हालचाल येते कुठून? दांडा म्हणजे शाळेत शिकलेली तरफ, आणि त्यावरचा बॉल हा टेकू. समजा, बॉलच्या वर 20 सेंटिमीटर आणि खाली 5 सेंटिमीटर दांडा आहे. खालचं टोक 1 सेंटिमीटर सरकवायला वरचं 4 सेंटिमीटर हलवावं लागतं. खालची बाजू साडेसहा सेंटिमीटर केली की वरची हालचाल जेमतेम 3 सेंटिमीटरवर येते. पण हाताला जोरही सुमारे 30 टक्के जास्त लावावा लागतो. आकडे समजण्यापुरते घेतलेत, मात्र हा हिशेब कुठल्याच शिफ्टरला चुकत नाही. शिफ्टरचा दांडा वरून कापून आखूड करणं ही निराळी गोष्ट. त्यानेही हालचाल कमी होते, पण तेवढी तरफही हातची जाते.

आता काम. सायलेन्सरचा पाइप गिअरबॉक्सजवळूनच जातो, त्यामुळे गाडी पूर्ण थंड होऊ द्या. सपाट जागा, चाकांना दगड किंवा ठोकळे, हँडब्रेक वर ओढलेला आणि गिअर न्यूट्रलमध्ये. बॅटरी डिकीत आहे, तिची निगेटिव्ह तार सोडवा. हत्यारं साधीच लागतात: फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, 10 आणि 12 नंबरच्या गोट्या (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन, मोठी सिरिंज, ग्रीस आणि भरपूर स्वच्छ फडकी.

नॉब डावीकडे फिरवला की सुटतो. मग मधला कन्सोल, म्हणजे दोन आसनांमधली प्लॅस्टिकची पेटी. त्याचे स्क्रू पुढे दोन्ही बाजूंना आणि मागच्या कप्प्यात असतात. कन्सोल एकदम वर खेचू नका, खिडक्यांच्या बटणांचा कनेक्टर खाली जोडलेला असतो. तो आधी सोडवा. इतक्या वर्षांनी हे प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, थंडीत तर फारच.

कन्सोल निघाला की मोठा रबरी बूट दिसतो, चार बोल्ट, 10 नंबर. त्याखाली छोटा बूट, तीन बोल्ट, 12 नंबर. हे तीन काढण्याआधी आजूबाजूची धूळ, वाळू, केस सगळं व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि कडा फडक्याने पुसा. आता उघडणारं तोंड थेट गिअरबॉक्सचं आहे. बोल्ट सुटले की दांडा सरळ वर उचला.

पहिल्या वेळी माझा दांडा टोपीशिवायच वर आला. टॉर्च लावली तर टोपी खाली तेलात, दोन तुकड्यांत. लांब चिमट्याने ते तुकडे काढायला अर्धा तास गेला, आणि दोन्ही जोडून टोपी पूर्ण होते की नाही हे पाहिल्याशिवाय मी पुढे गेलो नाही. तुम्हीही हे नक्की पाहा.

दांडा जिथे बसतो त्या खोबणीत वेगळं तेल असतं, आणि गिअरबॉक्सचं तेल बदललं तरी हे तसंच राहतं. बहुतेक जुन्या गाड्यांत ते काळंकुट्ट निघतं. सिरिंजने सगळं ओढून घ्या, तळ पुसा आणि 75डब्ल्यू-90 ग्रेडचं, जीएल-4 दर्जाचं नवीन तेल साधारण 80 ते 90 मिलि घाला. जीएल-4 अशासाठी की ते पितळी भागांना निर्धोक असतं. एवढं तेल घातल्यावर हाताला पडणारा फरक पाहून मला नवल वाटलं होतं.

नवीन दांड्याच्या टोकाला टोपी लावा, बॉलला ग्रीस चोपडा. जुन्या दांड्यावरचे वायसर, स्प्रिंग आणि बुश कोणत्या क्रमाने होते याचा फोटो उचलतानाच काढून ठेवा. बॉल जागच्या जागी फिरू नये म्हणून त्याला खाच असते, ती नीट जुळली पाहिजे. किटमध्ये स्पेसर (उंची वाढवणारी चकती) असेल तर तो दांड्याच्या प्लेटखाली बसतो आणि टेकूच वर उचलतो. तीन बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. खालचं घर अ‍ॅल्युमिनियमचं आहे. जोर केला तर आटे जातील आणि अर्ध्या दिवसाचं काम आठवड्यावर जाईल.

बूट आणि कन्सोल चढवायच्या आधी, इंजिन बंद ठेवून क्लच दाबून पाचही गिअर टाकून पाहा, आणि पाचव्याच्या समोरचा रिव्हर्सही. एखादा पडत नसेल तर जोर करू नका. क्लच सोडून गाडी जराशी पुढेमागे ढकला आणि पुन्हा टाका. तरीही दांडा वाटेतच अडत असेल तर खालचं टोक तळाला किंवा बाजूला लागत असतं. दांडा पुन्हा काढून वायसर तपासा. कन्सोल नुसता वर ठेवून, दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला दांडा मागे कडेला घासतो का तेही बघून घ्या.

बुटांबाबत काटकसर नको. फाटक्या बुटातून गरम हवा, तेलाचा वास आणि गिअरबॉक्सची घरघर थेट आत येते. शॉर्ट शिफ्टरने आवाज थोडा वाढतोच, त्यात ही भर नको.

चालवताना पहिले काही दिवस हात सावकाश ठेवा. दांडा आखूड झाला म्हणून सिंक्रोचा (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणाऱ्या भागाचा) वेग वाढत नाही, उलट तुमच्या हाताचा जोर त्याच्यापर्यंत जास्त पोचतो. थंड सकाळी दुसरा गिअर घाईने टाकला तर तो खरखरतो. पहिली दोन-तीन किलोमीटर, तेल गरम होईपर्यंत, दुसऱ्यात जाताना क्षणभर थांबून गिअर टाका. इंग्लंडमध्ये असाल तर हा बदल विमा कंपनीला कळवा, न कळवलेल्या बदलावरून पुढे दावा अडू शकतो.

जुना दांडा पुसून, त्याच्या वायसर-स्प्रिंगसकट पिशवीत घालून ठेवा. हिवाळाभर दुसरा गिअर वाजतच राहिला तर तो परत बसवायला एक दुपार पुरते.